पिकअपचे इंजिन हॉर्सपॉवर बघून ठरत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘अडीच लिटरचे इंजिन आणि ताकद फक्त ७५ हॉर्सपॉवर? कंपन्या जुनेच इंजिन वर्षानुवर्षे गळ्यात मारतात,’ असा सूर मालवाहू पिकअपबद्दल सध्या सगळीकडे ऐकू येतो. बाजार समितीच्या आवारात भाड्याची वाट पाहणारे चालक हेच बोलतात आणि नवी गाडी घ्यायला निघालेला शेतकरीही मोबाइलवर हेच वाचून शोरूममध्ये शिरतो. दाखलाही तयार असतो. बोलेरो एसयूव्हीतले १४९३ सीसीचे, तीन सिलिंडरचे इंजिन ७५ हॉर्सपॉवर देते आणि बोलेरो पिकअपमधले २५२३ सीसीचे, चार सिलिंडरचे इंजिनही तेवढीच देते. मग मधले हजार सीसी गेले कुठे? प्रश्न रास्त आहे. त्याचे सरळ उत्तर कंपन्यांच्या माहितीपत्रकात सापडत नाही, म्हणून हे पत्र.

पिकअपचे इंजिन ठरवताना पहिला हिशेब मांडला जातो तो वजनाचा आणि चढाचा. गाडी, माल आणि माणसे मिळून ३ टन धरू. चढ पाचास एक, म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. घाटातले मुख्य रस्ते इतके उभे नसतात, पण शेतातून डांबरी सडकेवर चढणारी वाट किंवा गोदामाचा रॅम्प असा असू शकतो. गाडी या चढावर थांबली आहे आणि तिथूनच पुन्हा हलवायची आहे. ३ टनांना मागे ओढणारे बल होते सुमारे ५,८०० न्यूटन. त्यात टायरचा रोध साधारण ४४० मिळवा. चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर धरली, तर चाकांवर सुमारे २,०५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, हवा. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४ आणि मागच्या आसातल्या क्राउन-पिनियन या दातेरी चाकांच्या जोडीचे ४.१ असेल, तर इंजिनाचा जोर चाकापर्यंत १६.४ पट होतो. घर्षणात त्यातला दहा-बारा टक्के जातो. उलट हिशेब केला की इंजिनाकडून मागणी येते १४० ते १४५ न्यूटन-मीटरची. आणि ही मागणी येते क्लच पकडतो त्या क्षणी, मिनिटाला हजार-अकराशे फेऱ्यांवर.

सारी मेख इथे आहे. हजार फेऱ्यांवर सायलेन्सरकडे जाणारा वायू इतका कमी असतो की त्याच वायूवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो सहसा अजून नीट फिरतच नसतो. त्या क्षणी इंजिनाला स्वतःच्या आकारमानावरच भागवावे लागते. टर्बोच्या मदतीशिवाय डिझेल इंजिनात पिस्टनवरचा कामाचा सरासरी दाब, ज्याला इंजिनवाले बीएमईपी म्हणतात, साडेसात बारच्या आसपास मिळतो. त्याहून जास्त डिझेल ओतले तर काळा धूर निघतो, जोर वाढत नाही. या साडेसात बारवर २५२३ सीसीचे इंजिन सुमारे १५० न्यूटन-मीटर देते आणि १४९३ सीसीचे सुमारे ९०. चढावर हवेत १४०. एक गाडी हलते, दुसरी हलत नाही. मधले हजार सीसी गेले ते इथे.

दुसरी गाडी हलवायची तर चालक काय करतो, हे कुठल्याही चढावर बघायला मिळते. तो इंजिन दोन हजारांवर रेझ करतो आणि क्लच अर्धवट सोडून धरतो. टर्बो जागा होतो, गाडी चढते, पण त्या तीन-चार सेकंदांत फेऱ्यांमधल्या फरकाची सगळी ऊर्जा क्लचप्लेटवर उष्णता होऊन पडते. जळका वास येतो तो त्याचाच. दिवसातून तीस वेळा असे झाले की प्लेटचे अस्तर चकचकीत होते, पकड सुटू लागते आणि प्रेशर प्लेटवर निळसर डाग पडतात. मेकॅनिक प्लेट बदलून देतो आणि चालकाला बोल लावतो. चालकाची चूक यात थोडीच असते.

आता हॉर्सपॉवरचे बघू. हीच ३ टनांची गाडी दहा टक्के चढावर ताशी ४० किलोमीटरने न्यायला इंजिनातून ६० हॉर्सपॉवरच्या आत काम भागते. सपाट महामार्गावर ताशी ८० ने धावायला सुमारे ३५ पुरतात. मालवाहू गाडीला याहून वेगात जाण्याचे कारण नाही. म्हणजे ७५ हॉर्सपॉवर हा आकडा लहान दिसला तरी कामाच्या हिशेबात तो बसतो. एसयूव्हीवाल्याला ताशी शंभरवर ओव्हरटेक करायची असते. त्याचा हिशेब निराळा.

मोठ्या इंजिनाला हलके काम देण्याचा दुसरा फायदा आयुष्याचा. २५२३ सीसीमधून २०० न्यूटन-मीटर काढताना बीएमईपी सुमारे १० बार होतो. १४९३ सीसीमधून २१० काढताना तो १७.७ बारवर जातो. पिस्टन, कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग, हेड गॅस्केट या सगळ्यांवरचा भार त्याबरोबर वाढतो. एसयूव्ही पूर्ण जोर क्वचितच वापरते. भाजी भरलेली पिकअप कसारा किंवा खंबाटकी चढताना ॲक्सिलरेटर तळाशी ठेवून पंधरा-वीस मिनिटे पूर्ण भारावर चालते, आणि मे महिन्यात विदर्भात तेच काम पंचेचाळीस अंशांत करते. म्हणून रेडिएटर आणि पंखा निवडतानाही ‘कमी वेग, पूर्ण भार, मागून वारा’ ही सर्वांत वाईट स्थिती धरावी लागते.

इंजिन जुने आहे, हा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे. या २५२३ सीसी इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८८.९ आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १०१.६ मिलिमीटर. मिलिमीटरमध्ये ही मापे विचित्र वाटतात, इंचात ती बरोबर साडेतीन आणि चार होतात. मूळ आराखडा इंचांच्या जमान्यातला आहे हे त्यावरूनच कळते. पण बदलत गेला तो भाग वरचा आहे: इंधन पंप, सगळ्या इंजेक्टरना उच्च दाबाने डिझेल पुरवणारी कॉमन रेल, टर्बो, संगणक. ब्लॉक तोच ठेवण्याचे कारण पैशाचे आहे आणि ते लपवण्यासारखे नाही. ब्लॉक आणि क्रँकशाफ्ट घडवणारी यंत्रांची रांग हा इंजिन कारखान्यातला सर्वांत महाग भाग असतो. तिचा खर्च फिटलेला असेल तर गाडीची किंमत खाली ठेवता येते, आणि बेअरिंग-रिंगसेट तालुक्याच्या दुकानात मिळतो. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने मर्सिडीझच्या परवान्याने बनवलेले ओएम ६१६ इंजिन इतकी वर्षे रस्त्यावर टिकले त्यामागेही हेच गणित होते. टाटांनी २००५ मध्ये ‘एस’ ही छोटी मालगाडी आणली तेव्हा इंडिकाचे १४०५ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन जणू मधोमध कापून ७०२ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन उभे केले. नवे इंजिन कोऱ्या कागदावर काढण्यापेक्षा हाताशी असलेल्याचे रूप बदलणे, हाच या धंद्याचा शिरस्ता आहे.

एकाच मापाच्या इंजिनाची दोन रूपे कशी होतात, याचा चांगला नमुना टाटांकडेच आहे. २१७९ सीसीचे डिझेल इंजिन सफारी स्टॉर्मच्या वरच्या आवृत्तीत दीडशेहून जास्त हॉर्सपॉवर आणि ४०० न्यूटन-मीटर देत होते. योद्धा पिकअपमध्ये तेच माप १०० हॉर्सपॉवर आणि २५० न्यूटन-मीटरवर बांधले आहे. कंजुषी म्हणून हे केलेले नाही. योद्धाचा टॉर्क हजार फेऱ्यांपासून अडीच हजारांपर्यंत सपाट मिळतो. असा सपाट पट्टा खालपासून हवा असेल तर टर्बो लवकर फिरणारा घ्यावा लागतो. तो वरच्या फेऱ्यांवर गुदमरतो, म्हणून कमाल ताकद सोडून द्यावी लागते. दोन्ही एकाच वेळी स्वस्तात मिळत नाही.

मग बोलेरो एसयूव्हीला लहान इंजिन का दिले? त्याचे मोठे कारण करात आहे. चार मीटरच्या आतली लांबी आणि १५०० सीसीपर्यंतचे डिझेल इंजिन असेल तर प्रवासी मोटारीला कमी कर लागतो. म्हणूनच २०१६ मध्ये चार मीटरच्या आतल्या बोलेरोत १४९३ सीसीचे इंजिन आले. मालवाहू गाडीच्या कराला सीसीची अशी मर्यादा नाही. एसयूव्हीचे इंजिन करपत्रकाने ठरवले आणि पिकअपचे चढाने.

लहान इंजिन वाईट, असा याचा अर्थ कुणी काढू नये. अशोक लेलँडची दोस्त १४७८ सीसीच्या तीन सिलिंडरवर चांगली चालते, कारण तिचे एकूण वजन कमी आहे आणि गिअर-क्राउनची जोडी त्या इंजिनाला धरून निवडलेली आहे. शिवाय चालकाच्या आसनाखाली इंजिन बसवायचे असेल तर तीन सिलिंडरची आखूड लांबी उपयोगी पडते आणि हौदा लांब मिळतो. क्राउनचे गुणोत्तर ४.१ ऐवजी ४.९ केले तर हलतानाचा जोर वीस टक्क्यांनी वाढतो, पण महामार्गावर फेऱ्याही वीस टक्क्यांनी वाढतात आणि ॲव्हरेज पडते. शहरात फिरणाऱ्याला हा सौदा परवडतो, नाशिकहून वाशीला रोज जाणाऱ्याला परवडत नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि क्राउन एकत्रच निवडायचे असतात.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून येणारे पिकअपचे व्हिडिओ या चर्चेत आणणाऱ्यांसाठी एक वाक्य. तिथल्या हलक्या पिकअपमध्ये तीन लिटरची, अडीचशे हॉर्सपॉवरच्या आसपासची डिझेल इंजिने आली ती महामार्गावर बोट आणि ट्रेलर ओढण्यासाठी, आणि तिथेही फोर्डने एफ-१५० मधले डिझेल २०१८ मध्ये सुरू करून २०२१ मध्ये बंद केले.

आता खऱ्या अडचणीकडे येतो, ती म्हणजे बीएस-६, गाड्यांच्या धुरावरची भारत स्टेज-६ मानके. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर उडी घेतली गेली. हलक्या मालवाहनांच्या सर्वांत जड वर्गात नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ३९० मिलिग्रॅमवरून १२५ वर आली आणि काजळीची ६० वरून ४.५ मिलिग्रॅमवर. डिझेलमधले गंधक ५० पीपीएमवरून १० वर आले, ते झाले नसते तर पुढचे काहीच शक्य नव्हते. काजळी पकडायला फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आला. नायट्रोजन ऑक्साइडसाठी दोन वाटा होत्या: वायू साठवून ठराविक वेळाने त्याचे निरुपद्रवी नायट्रोजनात रूपांतर करणारा एलएनटी, किंवा युरियाचे द्रावण फवारणारा एससीआर. या सरंजामाची किंमत इंजिनाच्या आकाराबरोबर फारशी घटत नाही. सेन्सर तेवढेच लागतात, संगणक तोच लागतो. म्हणून सर्वांत लहान डिझेल आधी गेले. मारुतीने सुपर कॅरी या छोट्या मालगाडीतले ७९३ सीसीचे डिझेल बीएस-६ मध्ये आणलेच नाही.

एलएनटीला युरियाची टाकी लागत नाही, किंमत कमी, जागा कमी. पण साडेचारशे अंशांच्या वर त्याची साठवणूक ढासळते, आणि भरलेली पिकअप चढावर नेमकी तेवढी तापते. एससीआर महाग आहे, पण दोनशे अंशांपासून पुढच्या मोठ्या पट्ट्यात काम करते आणि इंजिनात जळका वायू परत सोडण्याचे, म्हणजे ईजीआरचे, प्रमाण कमी ठेवू देते. ईजीआर कमी म्हणजे काजळी कमी, फिल्टर उशिरा भरतो, ॲव्हरेज सुधारते. एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरचे उत्सर्जनही मोजणे आल्यावर हा फरक आणखी महत्त्वाचा झाला. टनभराहून जास्त माल वाहणाऱ्या गाडीत एससीआरच घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पंधरा-वीस हजार वाचवून मालकाला गॅरेजच्या फेऱ्या घालायला लावू नयेत.

एससीआरचेही पथ्य आहे. युरियाचे द्रावण ३२.५ टक्क्यांचेच लागते. त्यात नळाचे पाणी मिसळले की क्षार फवाऱ्याच्या तोंडाशी बसतात, सेन्सरला फरक कळतो आणि गाडी आधी ताकद कापते, मग पुन्हा सुरू व्हायला नकार देते. बाटली उन्हात ठेवू नये. सतत ३५ अंशांवर राहिलेल्या द्रावणाचा भरवसा साधारण सहा महिन्यांचाच असतो, आणि दुकानाबाहेर रचलेले डबे मे महिन्यात त्याहून तापतात.

डीपीएफची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण तिथे गाडीचा प्रकार बरोबर असूनही काम चुकीचे असू शकते. साठलेली काजळी जाळायला फिल्टरमध्ये साडेपाचशे ते सहाशे अंश लागतात. इंजिन त्यासाठी सिलिंडरमध्ये उशिरा जास्तीचे डिझेल सोडते, ते पुढे कॅटॅलिस्टवर जळते आणि तापमान चढते. हे काम पंधरा-वीस मिनिटे अखंड चालू राहावे लागते. भरलेली गाडी महामार्गावर असेल तर चालकाला कळतही नाही. पण पहाटे चार ते नऊ दुधाच्या पिशव्या वाटणारी गाडी बघा. दोनशे मीटर चालते, थांबते, इंजिन बंद, पुन्हा सुरू. सायलेन्सर दीडशे अंशांच्या पुढे जात नाही. जाळण्याची क्रिया सुरू होते आणि अर्ध्यात तुटते. उशिरा सोडलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, ते पातळ झालेले ऑइल आहे आणि त्याने आधी टर्बोचे बेअरिंग जाते. शेवटी डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागतो, चालक त्यावर चिकटपट्टी लावतो आणि महिन्याभरात गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे ताकद कापून रांगत चालते. दिवा लागल्यावर त्याच दिवशी वीस मिनिटे गाडी वरच्या फेऱ्यांवर सलग चालवली असती तर बहुतेक वेळा एवढ्यावरच भागले असते.

इथेच ऑइलचा मुद्दा येतो. काजळी जळते, राख जळत नाही. साध्या ऑइलमधल्या धातूंच्या क्षारांची राख फिल्टरमध्ये कायमची बसते. म्हणून कंपनीने सांगितलेले कमी राखेचेच ऑइल घालावे. लिटरमागे शंभर-दीडशे रुपये वाचवणे फिल्टरच्या किमतीपुढे काहीच नाही. आणि काही गॅरेजमध्ये फिल्टर पोकळ करून संगणकाला फसवून देतात, तो मार्ग धरू नये. बेकायदा तर आहेच, पण मागचा दाब बदलल्याने टर्बोची घडी विस्कटते आणि शहराची हवा तुमच्याच मुलांच्या छातीत जाते.

इंधनाबाबत कॉमन रेलला माफी नाही. सोळाशे ते दोन हजार बार दाबावर चालणाऱ्या इंजेक्टरच्या सुईची मोकळीक दोन-तीन मायक्रॉनची असते आणि तिला वंगण मिळते ते डिझेलचेच. कॅनमधून ओतलेल्या डिझेलातले पाणी आणि भेसळीचे रॉकेल ते वंगण काढून घेतात. डिझेल फिल्टरखालच्या वाटीतले पाणी दर आठवड्याला सोडावे, पावसाळ्यात त्याहून आधी. वाटीखालची पाणी सोडायची चावी फिरवून दोन मिनिटांचे काम आहे.

ओव्हरलोडबद्दल कंपन्या भाबड्या नाहीत. दीड टन पासिंगच्या गाडीत अडीच-तीन टन भरले जातात हे माहीत धरूनच क्लच, क्राउन आणि पाटे जाड केले जातात. पण फिल्टर, टर्बो आणि शीतकरण यांना तशी जाडी देता येत नाही. यांत्रिक भाग सहन करतो म्हणून गाडी सहन करते, हा समज बीएस-६ नंतर चुकीचा ठरला आहे.

या सगळ्यात ग्राहकाच्या हाती काय दिले जाते? कमाल हॉर्सपॉवर, कमाल टॉर्क, आणि ग्रेडेबिलिटीची, म्हणजे चढ चढण्याच्या क्षमतेची, एक टक्केवारी, जी चालत्या गाडीची की थांबून हलणाऱ्या गाडीची हे पत्रकात लिहिलेले नसते. माझी मागणी आपल्या वृत्तपत्रातून उत्पादकांपर्यंत जावी. हजार फेऱ्यांवरचा टॉर्क छापा. पूर्ण भाराने थांबलेली गाडी किती चढावर पुन्हा हलते ते छापा. आणि विक्रीच्या वेळी खरेदीदाराला विचारा की दिवसात किती थांबे, किती किलोमीटर, किती चढ. थांबे चाळीस आणि अंतर तीस किलोमीटर असेल, तर त्याला डिझेल विकू नका; सीएनजी किंवा बॅटरीची गाडी दाखवा, कमिशन कमी मिळाले तरी.

फिल्टरचा दिवा लागल्यावर काय करायचे, एवढे चार ओळींचे मराठी पत्रक चालकाच्या सनवायझरवर चिकटवायला काही रुपये लागतील. तेवढे तरी या खरिपाचा माल बाजारात येण्याआधी व्हावे.

आपला,
डिझेल इंजिन विकासातील एक अभियंता
चिंचवड, पुणे